मैदानावरचे गवत : निवड आणि निगा



ज्या शाळेत मी अक्षरे गिरवली त्या शाळेने या व्याख्यानासाठी मला बोलवावे, हा माझा मोठाच बहुमान आहे. त्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, गोमंतकाचा इतिहास, भाषाप्रश्न अशा भारदस्त विषयांवर विद्वानांनी विवेचन केले आहे. मी जन्मभर मराठीचे अध्यापन केलेला मनुष्य. त्याने फुटबॉलच्या मैदानावरील गवतावर बोलायचे ठरवले, तेव्हा मुख्याध्यापकांनी विषयाची खात्री करून घेण्यासाठी मला दोनदा दूरध्वनी केला. त्यांचे काही चुकले नाही.

हा विषय निवडण्यास दोन कारणे आहेत. पहिले कारण आपणा सर्वांना ठाऊक आहे. माजी विद्यार्थ्यांनी मैदानासाठी निधी जमवला असून, त्यातून कृत्रिम गवत अंथरावे की नैसर्गिक गवत लावावे, याचा निर्णय मंडळाला लवकरच घ्यायचा आहे. दुसरे कारण माझ्यापुरते आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या मास्तरांचा मी या मैदानाच्या संदर्भात अपराधी आहे. तो अपराध मी आजवर जाहीरपणे सांगितला नव्हता. व्याख्यानाच्या ओघात तो सांगणार आहे.

मुक्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी या शाळेत शिकत होतो. फुटबॉल तर गोमंतकात त्याच्या कितीतरी आधीपासून रुजला होता. १८८३ साली शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी हा खेळ इथे आणल्याचे नोंदवले जाते. भातकापणी झाली की कोरड्या शेतात दोन-दोन दगड ठेवून आम्ही खेळत असू. पायाला भाताची खुंटे टोचत, पण त्याचे कुणाला काही वाटत नसे. शाळेचे मैदान म्हणजे चिऱ्याच्या खाणीशेजारची तांबडी, उघडी जमीन. त्यावर पडले की गुडघ्याची कातडी तिथेच राहायची. मास्तर आमचे व्यायामशिक्षक. या जमिनीवर गवत आणायचे, असे त्यांनी ठरवले.

गवताच्या आधी त्यांनी पाण्याचा विचार केला, हे मला आज विशेष वाटते. आपल्याकडे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जांभ्यापासून झालेली आपली तांबडी माती आम्लधर्मी, लोहयुक्त आणि सत्त्वाने गरीब. पावसात ती चिकट होते, उन्हात विटेसारखी टणक होते. अशा जमिनीवर पाणी साचले की मातीतील पोकळ्या पाण्याने भरतात, मुळांना हवा मिळत नाही आणि गवत वरून हिरवे दिसत असतानाच खालून कुजू लागते. म्हणून मैदानाचा मध्य उंच आणि कडा किंचित उतरत्या ठेवाव्या लागतात. शंभरास एक असा उतार पुरतो. आपले मैदान नव्वद मीटर लांब आणि पंचावन्न मीटर रुंद आहे. म्हणजे मध्यरेषा कडांपेक्षा सुमारे सत्तावीस सेंटिमीटर उंच हवी. खेळणाऱ्याला ती जाणवत नाही, पाण्याला मात्र वाट सापडते. मास्तरांनी गवंड्याकडची पाण्याची नळी आणि सुतळी घेऊन, खुंट्या ठोकून हा उतार साधला. भोवतीचे चर आम्ही मुलांनी खणले.

आता गवताच्या निवडीकडे वळतो. कोणते गवत उत्तम, असा प्रश्न मुळातच अपुरा आहे. कोणत्या हवेत, कोणत्या मातीत, कोणत्या पाण्यावर आणि किती पायांखाली, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. दूरदर्शनवर दिसणारी इंग्लंडमधील मखमली मैदाने पाहून आपल्याला त्या गवताचा मोह पडतो. ते बहुतांशी राय जातीचे गवत. पंधरा ते चोवीस अंशांच्या थंड हवेत ते जोमाने वाढते. आपल्या उन्हाळ्यात ते तग धरणार नाही. बंगल्यांच्या बागांत दिसणारे मऊ, उशीसारखे कोरियन गवत दिसायला देखणे, पण वाढीला अत्यंत मंद. बुटाच्या खिळ्यांनी एकदा उखडले की जखम भरून यायला फार काळ लागतो. रुंद पात्याचे कार्पेट गवत सावली आणि आम्ल माती सोसते, म्हणून माडा-फणसाखाली ते छान पसरते. पण त्याचे रसाळ पाते धावपळीत चिरडून जाते. समुद्रकाठच्या, खाऱ्या पाण्याच्या जागी पॅस्पॅलम जातीचे गवत उपयोगी पडते, कारण खारेपणा सोसण्याची विलक्षण शक्ती त्याच्यात आहे. खाजन जमिनीलगतच्या एखाद्या शाळेला मी त्याचीच शिफारस करीन. आपली विहीर गोड्या पाण्याची आहे, आपल्याला त्याची गरज नाही.

उरते ती हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. वनस्पतिशास्त्रात तिला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात आणि जगभरच्या उष्ण प्रदेशांतील मैदाने तिच्यावर किंवा तिच्या संकरित जातींवर उभी आहेत. मी भाषेचा विद्यार्थी असल्याने एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. अमरकोशात दूर्वेची जी नावे दिली आहेत त्यांत शतपर्विका, सहस्रवीर्या, रुहा आणि अनन्ता ही आहेत. शतपर्विका म्हणजे शंभर पेरांची, रुहा म्हणजे उगवत राहणारी, अनन्ता म्हणजे जिला अंत नाही ती. मैदानासाठी गवत निवडताना आजचा तज्ज्ञ जे गुण शोधतो ते या नावांत आले आहेत. हरळी जमिनीवर धावते आणि जमिनीखालूनही धावते. तिच्या प्रत्येक पेराला मूळ फुटते. वरचा भाग खेळात फाटला तरी खालची मुळी शाबूत असते आणि ती पुन्हा वर येते. म्हणूनच शेतकरी तिला वैतागतो आणि म्हणूनच मैदानाला ती हवी असते. तिची एकच मोठी अट आहे, ती म्हणजे ऊन. सावलीत ती विरळ होत जाते.

मास्तरांनी गवत विकत घेतले नाही. चतुर्थीच्या सुट्टीनंतर शाळेत येताना प्रत्येक मुलाने घरच्या शेताच्या बांधावरून, मेरेवरून टोपलीभर हरळी मुळांसकट आणावी, असे त्यांनी सांगितले. आमच्या वडीलधाऱ्यांना हसू आवरेना. जन्मभर उपटून टाकली ती आता मास्तर लावायला निघाले, असे गावभर झाले. पण त्यांनी निवडलेला काळ अचूक होता. जूनमध्ये लावली असती तर पहिल्याच मुसळधार पावसात तुकडे वाहून गेले असते आणि आषाढातल्या ढगाळ दिवसांत ती वाढलीही नसती. भाद्रपदात पाऊस सरत येतो, जमीन ओली असते, ऊन वाढू लागते. दोन-तीन पेरांचा एकेक तुकडा, वीतभर अंतरावर ओळीत, एक टोक मातीत आणि एक टोक वर, अशी आम्ही लागवड केली. मग माती पायाने दाबून पाणी दिले. नाताळच्या सुट्टीपर्यंत ओळी एकमेकींना भेटल्या.

आज या जोडीला संकरित हरळीच्या जाती उपलब्ध आहेत. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे तयार झालेली आणि १९६० साली प्रसृत झालेली टिफवे ४१९ ही त्यांपैकी विशेष प्रसिद्ध. तिचे पाते बारीक, वीण दाट आणि रंग गडद. तिला सकस बी धरत नाही, त्यामुळे ती तुकड्यांनी किंवा तयार गालिच्यांनीच लावावी लागते. पैसा आणि जाणता माळी असेल तर ती उत्तम. पण तिला खतपाणी आणि कापणी अधिक काटेकोर लागते. गावठी हरळी थोडी राकट, थोडी विरळ, पण चुकांना क्षमा करणारी. शाळेच्या मैदानाला हा क्षमाशील स्वभाव महत्त्वाचा.

आता माझ्या अपराधाकडे येतो. मी महाविद्यालयात प्राध्यापक झालो होतो, चाळिशीत होतो आणि शाळेच्या एका मोठ्या महोत्सवाच्या समितीचा प्रमुख होतो. मैदान पाहुण्यांना हिरवेगार दिसावे म्हणून मी एका रोपवाटिकेतून तयार गवताचे गालिचे मागवले. जुन्या हरळीवर ते अंथरले. मास्तर तेव्हा निवृत्त झाले होते. मी त्यांना मोठ्या अभिमानाने मैदान दाखवायला नेले. त्यांनी वाकून गालिच्याची कड उचलली, खाली पाहिले आणि विचारले,

"मांडव किती दिवस राहणार?"

"आठ दिवस, मास्तर."

"मग दोन्ही गवतं गेली म्हण."

मला राग आला. म्हातारपणी माणूस कुरकुर करतो, असे मी मनात म्हटले आणि एका सहकाऱ्याला तसे बोलूनही दाखवले. मांडव आठ दिवस राहिला. त्याखाली ऊन नव्हते, हवा नव्हती, हजारो पावले होती आणि स्वयंपाकाचे पाणीही तिथेच ओतले जात होते. मांडव निघाला तेव्हा नवे गवत पिवळे पडून कुजले होते आणि त्याच्या ओझ्याखाली जुनी हरळीही बरीचशी गुदमरली होती. पुढच्या पावसाळ्यानंतर मास्तर रोज संध्याकाळी एक पिशवी घेऊन मैदानावर येऊ लागले. पिशवीत हरळीचे तुकडे असत. गुडघ्यावर बसून ते एकेक तुकडा लावत. हे मी रस्त्यावरून जाताना पाहत होतो. त्या वर्षी मी एकदाही आत गेलो नाही. लाज वाटत होती हे खरे, पण आपण चुकलो हे कबूल करण्यापेक्षा कामात असल्याचे सोंग मला सोपे वाटले, हे अधिक खरे. मास्तरांनी त्याविषयी मला पुढे कधीही एक शब्द ऐकवला नाही. आपण आज ज्या मैदानाला 'जुने मैदान' म्हणतो ते त्यांनी दुसऱ्यांदा लावलेले आहे.

या चुकीतून मी एक गोष्ट शिकलो. गवत आणणे हे एका दिवसाचे काम आहे, राखणे हे रोजचे. आपली माणसे आणण्यासाठी उत्साहाने पैसे देतात, राखण्याचा खर्च मात्र कुणाच्याच नावावर नसतो. म्हणून निगेविषयी थोडे तपशिलाने सांगतो.

पहिली गोष्ट कापणी. हरळी जितकी नियमित कापावी तितकी ती आडवी पसरून दाट होते. आपल्यासारख्या मैदानावर ती अडीच ते तीन सेंटिमीटर उंचीवर राखावी आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. वाढीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा यंत्र फिरवावे लागते. महिनाभर दुर्लक्ष करून मग एकदम बुडापर्यंत कापले, तर पिवळे खोड उघडे पडते आणि गवताची शक्ती खचते. यंत्राच्या पात्याला धार हवी. बोथट पाते गवत कापत नाही, ओरबाडते.

दुसरी गोष्ट पाणी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपले मैदान ४,९५० चौरस मीटरचे. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटरची गरज धरली तर दिवसाला २४,७५० लिटर पाणी झाले. हा आकडा ऐकून घाबरू नका, पण तो विसरूही नका. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा काही दिवसांआड, पहाटे, खोलवर मुरेल असे पाणी द्यावे. वरवरच्या पाण्याने मुळे वरच राहतात आणि उन्हाच्या पहिल्या तडाख्याला गवत कोमेजते. पाण्यासाठी मुळे खाली गेली की मैदान दणकट होते.

तिसरी गोष्ट माती. सततच्या पावलांनी माती दाबली जाते. ती मोकळी करण्यासाठी यंत्राने भोके पाडतात. मास्तर लोखंडी काट्याने हे काम करून घेत आणि ते आम्हाला शिक्षेसारखे वाटे. भोके पाडल्यावर वरून बारीक थर वाळूचा द्यावा. पाच मिलिमीटरचा थर द्यायचा तरी आपल्याला सुमारे पंचवीस घनमीटर वाळू लागेल. ती नदीची, धुतलेली हवी. समुद्राची खारी वाळू चालणार नाही. चिकण मातीत थोडीशी वाळू कालवण्याचा उद्योग करू नये, त्याने माती आणखी घट्ट बसते. थर वरून, थोडा थोडा, वर्षानुवर्षे द्यावा. आम्लता कमी करण्यासाठी मातीची तपासणी करून चुना, आणि वाढीच्या महिन्यांत नत्राच्या लहान लहान मात्रा द्याव्यात. शेणखत घालायचे तर पूर्ण कुजलेलेच, नाहीतर त्यातून तणाचे बी येते. तणांत मुख्य शत्रू लव्हाळा. संतांनी त्याच्या नम्रतेचे कौतुक केले असले, तरी मैदानावर तो गाठीसकट उपटावाच लागतो.

चौथी गोष्ट विश्रांती, आणि सर्वांत अवघड तीच. साध्या नैसर्गिक मैदानाला आठवड्याला पंधरा-वीस तासांहून अधिक खेळ सहसा सोसत नाही. व्यायामाचे तास, दोन संघांचा सराव, रविवारचे सामने आणि वर सकाळची प्रार्थना, अशी बेरीज केली तर आपण सहज दुप्पट जातो. यावर उपाय आहेत. प्रार्थना अंगणात घ्यावी. गोलाचे खांब हलवता येतील असे करावेत, म्हणजे गोलासमोरची जागा उघडी पडणार नाही. सराव आलटून पालटून वेगवेगळ्या कोपऱ्यांत व्हावा. आणि चिंब मैदानावर खेळ बंद ठेवावा, कारण ओल्या चिकण मातीवरचा एक सामना कोरड्या दिवसांतील अनेक सामन्यांइतके नुकसान करतो. मास्तर मुसळधार पावसाच्या दिवसांत फाटकाला कुलूप लावत. आम्ही कुंपणावरून उड्या मारून आत जात असू. मी स्वतःही गेलो आहे.

आता कृत्रिम गवताविषयी. त्याची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. त्यावर दिवसभर खेळता येते, पावसातही खेळता येते, चिखल होत नाही. जिथे जागा तुटपुंजी आणि मुले हजारांनी, तिथे त्याला पर्याय नसेलही. आपल्याकडे म्हापशाच्या दुलेर क्रीडांगणावर ते आहे आणि तिथे अनेक मुले खेळून मोठी झाली आहेत. या गवताचा जन्मच अडचणीतून झाला. अमेरिकेत ह्यूस्टन येथे १९६५ साली छत असलेले भव्य क्रीडागार उघडले. छतातून येणाऱ्या प्रकाशाने खेळाडूंचे डोळे दिपत, म्हणून ते रंगवले आणि खालचे गवत मेले. तेव्हा १९६६ साली तिथे कृत्रिम गवत अंथरले गेले. म्हणजे जिथे ऊन पोचत नव्हते तिथला तो तोडगा होता. आपल्याकडे उन्हाची कमतरता नाही.

उलट उन्हाचाच प्रश्न आहे. भर उन्हात कृत्रिम गवताचा पृष्ठभाग साठ अंशांच्याही पुढे तापल्याच्या नोंदी आहेत. जिवंत गवत पानांतून पाणी सोडून स्वतःला आणि मैदानाला थंड ठेवते. कृत्रिम गवत आठ-दहा वर्षांत झिजते आणि मग पुन्हा तितकाच मोठा निधी लागतो. जुने गवत टाकायचे कुठे, हाही प्रश्न आहेच. त्यात भरल्या जाणाऱ्या रबराच्या कणांमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा विचार करून युरोपीय संघाने २०२३ साली अशा कणांच्या विक्रीवर बंदीचा नियम केला आणि मैदानांसाठी आठ वर्षांची मुदत दिली. २०१५ सालचा महिलांचा विश्वचषक कॅनडात कृत्रिम गवतावर झाला, तेव्हा अनेक नामवंत खेळाडूंनी त्याविरुद्ध आधीच दाद मागितली होती. कोलकात्याच्या सॉल्ट लेक क्रीडांगणावर कृत्रिम गवत होते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकासाठी ते काढून नैसर्गिक गवत लावले गेले आणि अंतिम सामना त्यावर झाला. त्या स्पर्धेचे सामने आपल्या फातोर्ड्यालाही झाले, हे आपण जाणताच.

एवढे सांगून मी मंडळासमोर नम्रपणे तीन सूचना ठेवतो. पहिली, नैसर्गिक गवत लावावे, गावठी हरळीच लावावी, आणि आधी उतार व चर दुरुस्त करावेत. दुसरी, जमलेला सगळा निधी लागवडीत खर्च करू नये. मोठा भाग कायम ठेव म्हणून ठेवावा आणि त्याच्या व्याजातून एका माळ्याचा पगार व वाळू-खताचा खर्च चालावा. तिसरी, मैदानावर मांडव घालू नये, मग तो लग्नाचा असो, सभेचा असो की शाळेच्या महोत्सवाचा. या तिन्ही गोष्टी पाळणे शक्य नसेल, तर मात्र कृत्रिम गवतच घ्यावे, असे मी स्पष्टपणे सांगतो. निगा राखण्याची तयारी नसताना नैसर्गिक गवताचा आग्रह धरणे म्हणजे माझीच जुनी चूक पुन्हा करणे होय.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला शेवटचे दोन शब्द. फाटकाला कुलूप दिसले तर कुंपणावरून उडी मारू नका. आणि भाद्रपदात मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, तर घरच्या मेरेवरून प्रत्येकाने टोपलीभर हरळी घेऊन या. त्या दिवशी मीही येईन. गुडघे आता साथ देत नाहीत, पण एक ओळ लावण्याइतके बसता येईल. ज्या वर्षी मास्तर एकटे लावत होते त्या वर्षी जे करायला हवे होते, ते उशिरा का होईना करण्याची ही संधी आपण मला द्याल अशी आशा करतो.

 मास्तरांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आपली रजा घेतो.